पुतळ्याभोवती एका पायावर

इगाला ताप चढला तेव्हा तिच्या आईला तापापेक्षा पुतळ्याची काळजी जास्त पडली. शाळेच्या शेवटच्या परीक्षेआधी पोलंडमधल्या क्राकोव शहरातली पोरं मोठ्या चौकातल्या पुतळ्याभोवती एका पायावर उड्या मारतात. पाय न टेकता जितके फेरे, तितके चांगले गुण. इगाच्या वर्गाची पाळी आज होती, आणि इगाचं गणित बघता तिला बरेच फेरे लागणार होते.

"तिच्या जागी तू जा," इगाची आई हालीना नवऱ्याला, रोमुआल्दला, म्हणाली.

"मी? अगं, मी गणिताचा मास्तर! उड्या मारून पास होता आलं असतं तर बेडूक प्राध्यापक झाले असते, असं मी दरवर्षी वर्गात सांगतो."

"बेडकांचं राहू दे, रोमेक. पोरगी गणितात गचकली तर नाक कुणाचं कापलं जाणार?"

या युक्तिवादात रोमुआल्दला चूक सापडली नाही. त्याने कानटोपी भुवयांपर्यंत ओढली, मफलर नाकापर्यंत गुंडाळला आणि वर्ग यायच्या आत उरकावं म्हणून तडक निघाला.

चौकातल्या दगडांवर बर्फ घट्ट बसला होता. अर्धा फेरा बरा गेला, मग पाय घसरला.

"टेकला!" पुतळ्याशेजारी फुलं विकणारी म्हातारी ओरडली. "पहिल्यापासून घ्या."

"तुम्हाला काय करायचंय, बाई?"

"मला काय! पोरगं नापास झालं की मग रडा."

रोमुआल्दने मुकाट्याने पहिल्यापासून घेतलं. दुसऱ्या फेऱ्यात जीव गुदमरला म्हणून त्याने मफलर खाली ओढला, आणि समोर इगाचा अख्खा वर्ग उभा!

"व्रोना सर?" त्यातला ओस्कार म्हणाला.

थांबायचं तर पाय टेकावा लागला असता. "व्यायाम!" असं धापा टाकत सांगून सर पुतळ्यामागे गेले. दुसऱ्या बाजूने उगवले तेव्हा पोरांचे चेहरे पांढरेफटक पडले होते.

"सर स्वतः उड्या मारतायत," ओस्कार म्हणाला. "म्हणजे पेपर भयंकर असणार. मेलो रे आपण!"

पुढच्या क्षणी सगळा वर्ग सरांच्या मागे उड्या मारत होता. एका मुलीने तेवढ्यात व्हिडिओ काढून इगाला पाठवला.

रोमुआल्द लंगडत घरी आला. इगा पांघरुणात बसली होती. मांडीवर गणिताचं पुस्तक, आजूबाजूला वह्या, डोळ्यांत पाणी.

"बाबा, खरं सांग. माझं गणित इतकं वाईट आहे? तुझ्यावर ही पाळी यावी?"

समजावून, ओरडून, हात जोडूनही हे पुस्तक तिच्या मांडीवर कधी आलं नव्हतं. रोमुआल्दचा ऊर भरून आला. 'अगं, हे सगळं थोतांड आहे' हे वाक्य जिभेवर आलं होतं. ते त्याने गिळलं.

"वाईटच आहे, बाळा," तो सुजलेला घोटा चोळत म्हणाला. "उद्या पुन्हा जातो."

इगाने हुंदका दिला आणि पुढचं प्रकरण उघडलं.