काजळ्या जेवला का?

पाकीट न फोडता मी सांगू शकतो, आतलं पत्र गगनवीराला आहे की काजळ्याला. गगनवीर आमच्या मालिकेचा नायक. त्याच्या पाकिटावर चमकी, बदाम, पिसं. काजळ्या खलनायक. त्याच्या पाकिटावर पत्तासुद्धा असा दाबून लिहिलेला असतो की कागदाला भोकं पडतात. मालिकेच्या ऑफिसात ही पत्रं निवडायचं काम माझं, आणि या कामात माझा हात धरणारा कोणी नाही, असं मी परवापर्यंत छाती फुगवून सांगत होतो.

नियम सोपा होता. गगनवीराच्या चाहत्यांना छापील कार्ड जायचं, हसरा फोटो आणि खाली ‘तुमचं प्रेम हीच माझी शक्ती’. काजळ्याची पत्रं रद्दीत. साहेब म्हणायचे, “शिव्यांना कसलं उत्तर देतोस?”

एके दिवशी एका आजींचं पत्र आलं.

‘काजळ्या, मेल्या, धरण फोडलंस ते पाहिलं. फोडण्याआधी जेवला होतास का? दोन वर्षांत तुला एकदाही जेवताना दाखवलं नाही. त्या गगनवीराला आई गरम गरम वाढते. तुला विचारणारं कोणी नाही. उपाशी माणसाचं डोकं फिरणारच.’

मी तेव्हा टेबलाच्या खणात डबा ठेवून एकटाच जेवत होतो. हातातला घास डब्यात ठेवला. मला तरी शेवटचं कोणी कधी विचारलं होतं? मग काय, कागद ओढला आणि लिहिलं, ‘आजी, आज जेवलो. तुमचा काजळ्या.’

दर आठवड्याला पत्र यायला लागलं. मीही लिहीत गेलो. सर्दी कळवली, झोप लागत नाही ते कळवलं. सहाव्या पत्रात आजींनी लिहिलं, ‘शुक्रवारी पूल पाडणार आहेस म्हणे. जाहिरातीत दाखवलं. माझ्या गळ्याची शपथ, पाडू नकोस.’

माझी बुद्धी कुठे चरायला गेली होती कोण जाणे. ‘नाही पाडणार’ असं लिहून मोकळा झालो. पूल तर महिन्यापूर्वीच चित्रीकरणात पाडून झाला होता. त्याचा थर्माकोलचा एक खांब माझ्याच टेबलाखाली होता, मी त्यावर पाय ठेवून बसायचो.

शुक्रवारी पूल पडला. सोमवारी आजी ऑफिसात हजर. पिशवीत माझी सहा पत्रं.

“अख्ख्या इमारतीला सांगून बसले होते, पोरगा शब्दाचा पक्का आहे म्हणून. आता जिन्यात लोक हसतात मला. बोलवा त्याला.”

साहेब समजावायला लागले, “आजी, ही मालिका आहे. खोटं असतं सगळं.”

“ते मला कळतं हो. पूल खोटाच आहे. पण पत्र तर खरं आहे ना?”

साहेबांनी पिशवीतली पत्रं मागून घेतली. पत्रं वाचून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी स्टेपलरकडे पाहिलं. साहेबांनी हजेरीचं रजिस्टर मागवलं आणि माझ्या सहीशेजारी पत्र ठेवलं. संपलं, नोकरी गेली, असं मी मनाशी धरलं.

वाचवलं मालिकेच्या लेखकाने. बिचारा तीन आठवडे कथा सुचत नाही म्हणून चहावर चहा पीत होता. त्याने सहाही पत्रं वाचली, डोळे पुसले आणि म्हणाला, “आजी, तो शब्द पाळेल. थोडा उशीर होईल एवढंच.”

महिन्याभरात काजळ्या सुधारला. गगनवीराच्या आईने त्याला पानावर बसवलं, तो रडला, लोकही रडले. आजींचं पत्र आलं, ‘जिंकलास बाळा. आता जिन्यात सगळे मला वाट देतात. बरा आहेस ना?’

मी पेन उघडलं. मागून साहेब म्हणाले, “आता तो चांगला झालाय. चांगल्यांना कार्ड जातं. तुझ्या अक्षरातलं एक जरी पत्र गेलं, तर तू घरी.”

पाठवलं कार्ड. हसरा काजळ्या, ‘तुमचं प्रेम हीच माझी शक्ती’.

आठ दिवसांत तेच कार्ड परत आलं. मागे दाबून लिहिलं होतं, ‘मेल्या, वाईट होतास तेव्हा निदान जेवलास का ते तरी कळवत होतास.’

मी आधी साहेबांच्या दाराकडे पाहिलं. मग त्याच्याच खाली एक शब्द लिहिला, ‘जेवलो’, आणि टपालात टाकलं. डाव्या हाताने लिहिलंय. साहेबांना कृपा करून कोणी सांगू नका.