दोन शेवटच्या नंबरांचा अंतिम सामना

रिफअत मास्तरांनी फळा जेवणाच्या टेबलावर आडवा टाकला, तेव्हा त्यांची बायको सनिया तिथेच भेंडी चिरत होती. भेंडी बाजूला सरकली.

"यंदा चिठ्ठ्या बंद," मास्तर म्हणाले. "यंदा मानांकन!"

"ते आणि काय?"

"जो संघ सगळ्यात भारी, तो एक नंबर. त्याच्याखालचा दोन. हे दोघे अंतिम सामन्याआधी भेटणारच नाहीत."

"म्हणजे कुणी कुणाला भेटायचं ते तुम्ही ठरवणार. मुलींची लग्नं जमवताना एवढं डोकं चाललं असतं तर!"

मास्तरांनी तिकडे लक्ष दिलं नाही. भूगोल शिकवून निवृत्त झालेला हा माणूस बावीस वर्षं इजिप्तच्या दुमियातमध्ये रमजानची फुटबॉल स्पर्धा भरवत होता. सामने दुपार कलल्यावर सुरू होत आणि सूर्यास्ताला, मगरिबच्या अजानला संपत. दिवसभराचे उपाशी लोक; अजान कानावर पडली की मैदान झाडून पुसून रिकामं. दर अंतिम सामन्यानंतर मास्तर मागे उरलेली डोकी मोजायचे. आजवरचा उच्चांक होता तीन, आणि त्यातला एक झोपलेला होता. गेल्या वर्षी तर चिठ्ठ्यांनी सुतार आणि कोळी हे दोन्ही दांडगे संघ पहिल्याच दिवशी एकमेकांपुढे आणले, आणि अंतिम सामना नऊ-शून्य असा रडतखडत संपला.

दुपारी रोज्याच्या ग्लानीत मास्तरांना एकच स्वप्न पडायचं. अजान झाली आहे, आभाळ केशरी झालं आहे, आणि सगळं गाव जागच्या जागी खिळून बसलं आहे. गुडघे आता साथ देत नव्हते. यंदाची स्पर्धा त्यांची शेवटची, त्यामुळे स्वप्नालाही एवढीच संधी उरली होती.

सुतार एक, कोळी दोन, असं करत फळा खाली आला. बेकरीवाले आणि शिंपी यंदा नव्याने आलेले. त्यांतल्या कुणाला शेवटचं म्हणायचं? मास्तरांचं मन मऊ. त्यांनी दोघांनाही तळाच्या एकाच ओळीत लिहिलं आणि एकाला सुतारांपुढे टाकलं, दुसऱ्याला कोळ्यांपुढे.

मैदानाच्या कडेला अश्रीशेठचं कॉफीचं दुकान. दिवसा ते बंद, म्हणून त्याच्या खुर्च्या स्पर्धेला मिळायच्या. त्याने फळा वाचला आणि मान हलवली.

"मास्तर, निकाल इथेच लिहिलाय की. मग उन्हात बसायला कोण येणार? माझ्या खुर्च्यासुद्धा घरी जातील."

मास्तरांना ते पटलं. त्यांनी खडूने खाली नियम वाढवला: अजानपर्यंत बरोबरी राहिली, तर खालच्या नंबरचा संघ पुढे जाईल.

पहिल्या दिवशी बेकरीवाल्यांचे कप्तान, हज करून आलेले हाज बयूमी, फळ्यापुढे बराच वेळ उभे राहिले. मग त्यांनी आपल्या पाचही गड्यांना गोलसमोर ओळीने उभं केलं. गोल म्हणजे दोन विटा, मध्ये चार पावलं. बेकरीवाले अंगाने भरलेले. कुठे फटच उरली नाही.

"हलायचं नाही," हाज म्हणाले. "उपाशीपोटी पळायला सांगितलंय कुणी?"

सुतार तासभर त्या पोटांवर चेंडू मारत राहिले. शून्य-शून्य. बेकरीवाले पुढे. दुसऱ्या दिवशी शिंप्यांनी तेच केलं. ते अंगाने काटक, पण दाट टाके घालावेत तसे एकमेकांना चिकटून उभे राहिले. कोळीही घरी गेले.

संध्याकाळी सुतारांचा कप्तान खमीस मास्तरांच्या दारात हजर. "मास्तर, पुढच्या वर्षी आम्हाला शेवटचा नंबर द्या. हवं तर लिहून देतो, की आम्हाला खेळता येत नाही."

"अरे, तुम्ही सगळ्यात भारी!"

"तिथेच तर घात झाला!"

उपांत्य सामनेही शून्य-शून्य झाले, आणि अंतिम सामन्यात बेकरीवाले एका टोकाला, शिंपी दुसऱ्या टोकाला उभे राहिले. एका शिंप्याने चेंडूला पाय लावला आणि धूम पळत आपल्या रांगेत जाऊन उभा राहिला. चेंडू दोन हात घरंगळला आणि थांबला. मग कुणीच हललं नाही. नाईलवरून वारा येत होता. एक मांजर आलं आणि चेंडूला टेकून झोपलं. ऊन पिवळं झालं, लोक एकमेकांच्या खांद्यावर पेंगू लागले. मास्तरांना रडू यायचं बाकी होतं. बावीस वर्षांचा शेवट हा असा!

अजानला दहा मिनिटं उरली, तेव्हा अश्रीला राहवलं नाही. "हाज, एखादा गोल तरी मारा!"

"कशाला? बरोबरीत खालचा संघ जिंकतो. आमच्या खाली कोण आहे?"

"आम्ही आहोत!" समोरच्या टोकावरून शिंप्यांचे कप्तान शाकिर ओरडले.

"तुम्ही? तुमच्यातले दोघे शाळेच्या संघात होते! आमच्यातलं कुणीच नव्हतं!"

"आमच्या गोलीला चष्म्याशिवाय चेंडू दिसत नाही!"

"आमच्याला चष्मा लावूनही दिसत नाही!"

लोक खडबडून जागे झाले. "बेकरीवाले शेवटचे!" "छट्, शिंपीच!" भाऊ भावाशी भांडू लागला. कुणीतरी फळा उचलून आणला. दोन्ही नावं तळाला, एकाच ओळीत. मैदानभर एकदम शांतता पसरली, आणि त्या शांततेत अजान झाली.

दोन्ही संघांनी आनंदाने उड्या मारल्या. मांजर उठून गेलं. पाण्याचे पेले आणि खजूर हातोहात फिरले, पण घराकडे कुणाचंही पाऊल वळलं नाही. चारशे माणसं मास्तरांकडे बघत होती. गच्च्यांवर बायका पळ्या हातात घेऊन उभ्या होत्या.

"मास्तर, बोला! कोण जिंकलं?"

"अहो, सांगून टाका एकदाचं," वरून सनिया ओरडली, "सूप निवतंय!"

मास्तर डोकी मोजू लागले. साठाच्या पुढे त्यांना धूसर दिसायला लागलं, म्हणून त्यांनी मोजणं सोडलं. आभाळ केशरी झालं होतं. त्यांनी एक बोट वर केलं, गालाकडे नेलं आणि खूण केली: थांबा, तोंडात खजूर आहे.

खजूर केव्हाच पोटात गेला होता.