पुजलेलं मशीन

हनुमंताला जगात दोनच गोष्टी येत नव्हत्या. एक पोहणं, दुसरं गप्प बसणं. बाकी सगळं आपल्याला येतं, असं त्याचं स्वतःचं प्रामाणिक मत होतं. कुरकुंभच्या एका कारखान्यात तो मेंटेनन्सला होता आणि सुरक्षा सप्ताहात दरवर्षी भाषण ठोकायचा. "मित्रहो, यंत्र चालू करणं सोपं असतं. आधी ते बंद कसं करायचं ते शिका." या वाक्याला हमखास टाळ्या पडत. एका वर्षी साहेबांनी त्याबद्दल त्याला स्टीलचा डबाही दिला होता.

सासुरवाडीत मात्र त्या डब्याला कुणी विचारत नव्हतं. सासरे रखमाजी तळेगाव ढमढेऱ्याजवळच्या वस्तीवर राहायचे. त्यांच्या विहिरीवरची मोटर हनुमंतानं एकदा हौसेनं दुरुस्त केली, तर ती उलटी फिरायला लागली. पाणी वर यायचं नाव घेईना. तेव्हापासून तिथं त्याला साधा बल्बसुद्धा बदलू देत नसत. त्यानं पाना हातात घेतला रे घेतला, की सासूबाई, भामाबाई, त्याच हातात चहाचा कप आणून द्यायच्या.

म्हणून यंदा रखमाजींनी आपला जुना चेनसॉ त्याच्यापुढे आणून ठेवला, तेव्हा गड्याचा ऊर भरून आला. तरुणपणी याच मशीनवर रखमाजी निम्म्या तालुक्यातल्या वठलेल्या बाभळी कापत हिंडले होते. परदेशी बनावटीचं, पाण्यानं भरलेल्या हंड्यासारखं जड धूड. कित्येक वर्षं ते गोठ्यात पोत्याखाली पडून होतं.

"खंडेनवमीला दरसाल पूजेत मांडतो," रखमाजी म्हणाले. "पर मुकं झालंय. एकदा त्याचा आवाज कानावर पडावा वाटतंय, जावईबापू. झालं तर बघा. न्हाई झालं तर हाय तसं परत आना."

"मामा, यंदाच्या नवमीला ह्ये मशीन वस्ती दणाणून सोडंल. माझा शब्द हाय."

"अहो, शब्द कशाला देताय?" त्याची बायको प्रतिभा म्हणाली. "नुसतं मशीन न्या."

दौंडला आणून त्यानं ते ओसरीत उघडलं. कार्बोरेटरमध्ये कुंभारीण माशीनं मातीचं घर बांधलं होतं, ते कोरून काढलं. जुन्या बाजारात हिंडून पिस्टनची रिंग शोधली. गोल कानशीनं साखळीचा एकेक दात असा लावला की दुधीभोपळा नुसता टेकवला तरी चिरत होता. काम त्यानं जीव ओतून केलं, हे त्याच्या वैऱ्यानंही कबूल केलं असतं. नवमीच्या सकाळी निघायच्या घाईत, नवा शर्ट घालूनच त्यानं शेवटचा स्क्रू पिळला. मशीन पूर्ण झालं आणि खाली पेपरवर एक काळी वायर उरली.

"ही कुठली?" प्रतिभानं विचारलं.

"जादाची असती. जुन्या मशीनला कंपनी देती."

वायर नव्या शर्टाच्या खिशात गेली. हनुमंतानं टाकीत झाकणभर पेट्रोल घालून दोरी ओढली. मशीन फुरफुरलं, सुरू झालं आणि पेट्रोल संपताच आपलं आपण बंद पडलं. त्यामुळे बंद करायचं बटण दाबून बघायची वेळच आली नाही. आवाज मोठा यावा म्हणून त्यानं रेसचा स्क्रू आणखी पिळला, टाकी गच्च भरली आणि सासुरवाडीची वाट धरली.

वस्तीवर अंगणात घोंगडी अंथरली होती. तिच्यावर कोयते, कुऱ्हाडी, विळे, मेंढरांची लोकर कातरायच्या कात्र्या, शेजारी पेरणीची पाभर आणि मधोमध चेनसॉ. अंगभर हळदकुंकू, वर झेंडूची माळ. मागं आपट्याचं झाड. ते रखमाजींनी प्रतिभाच्या लग्नात लावलं होतं आणि आता खोड पोटरीएवढं झालं होतं. दसऱ्याला सगळी वस्ती त्याचीच पानं सोनं म्हणून न्यायची.

पूजा झाली. शेजारचे ऊसवाले बापूसाहेब कडक इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांत आले होते. त्यांनी मशीन निरखलं. "रखमाजी आबा, जावयानं चकचकीत केलंय की. पर चालतंय का नुसतंच नटवलंय?"

"परवा बघू," रखमाजी म्हणाले. "पुजलेलं हत्यार दसरा झाल्याबिगर हलवत न्हाईत."

एवढ्यावर विषय संपला असता. पण बायकांतून कुणीतरी हळूच म्हणालं, "चाललं तर मोटरीवानी उलटं चालंल." सगळ्याजणी हसल्या. हनुमंताच्या कानाची पाळी लाल झाली.

"मामा, नुसता आवाज ऐकवतो. एक मिनिट."

रखमाजींनी एकदा देव्हाऱ्याकडं बघितलं, एकदा मशीनकडं. नको म्हणायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. त्यांनाही ऐकायचं होतं.

त्यानं माळेसकट मशीन उचलून दोरी ओढली आणि ते असं काही गरजलं की कोंबड्या छपरावर गेल्या. रखमाजींनी डोळे मिटले. त्यांच्या ओठांवर हसू आलं. ते हसू आपण आणलं, या विचारानं हनुमंत सुखानं भरून गेला.

तेवढ्यात माळ साखळीत गेली. झेंडू, हळद, कुंकू सगळं एकदम उडालं आणि बापूसाहेब नुकतेच जेजुरीहून उतरल्यासारखे पिवळेधमक झाले. हनुमंतानं घाईनं बटण दाबलं. मशीन चालूच. परत दाबलं. चालूच. तेव्हा त्याला खिशातली वायर आठवली. ती या बटणाचीच होती.

रेस एवढी वाढवलेली की साखळी थांबत नव्हती. खाली ठेवावं तर पायाशी घोंगडी, पुढं माणसं. "लांब व्हा, लांब व्हा!" असं ओरडत तो मागं मागं सरकू लागला. टाच पाभरीला अडकली, तोल गेला आणि सगळा भार घेऊन मशीन आपट्याच्या खोडावर बसलं. दात त्यानं स्वतःच लावले होते. खोड खरवसासारखं कापलं गेलं. झाड सावकाश कललं आणि सगळ्या पूजेवर आडवं झालं.

मशीन अजून चालूच होतं. प्रतिभानं पदर खोचला, मागच्या बाजूनं आली आणि एक खटका ओढला. मशीन गुदमरून बंद पडलं.

"चोक," ती म्हणाली. "आबा असंच बंद करायचे कधीमधी."

"मग आधी का न्हाई सांगितलं?"

"तुम्ही कवा इचारलं?"

कुणी हसलं असतं तर बरं झालं असतं, पण कुणी हसलं नाही. रखमाजी बुंध्यापाशी बसून त्यावरून हात फिरवत राहिले. हनुमंताला मेल्याहून मेल्यासारखं झालं. रात्रीची पुरणपोळी त्यानं तशीच ताटात ठेवली. सकाळीच दौंड गाठावं असं त्याच्या मनात होतं, पण सणाला जावयानं असं जायचं नसतं.

दुसऱ्या दिवशी सगळी वस्ती सोनं न्यायला आली. एरवी फांदीला आकडी लावावी लागायची. यंदा झाड पायाशीच होतं.

"बरं झालं बाई, मान वर करायचं काम न्हाई," शेजारच्या सिंधूबाई म्हणाल्या.

"जावयानं सगळ्यांची सोय केली," पोपटराव म्हणाले.

आणि तोडलेली पानं प्रत्येकजण आधी हनुमंताच्याच हातावर ठेवत होता. तो खाली मान घालून ती घेत होता.

सगळे गेल्यावर तो रखमाजींपुढं उभा राहिला. "मामा, चुकलो."

"आपट्याला फुटवा येतोय," रखमाजी म्हणाले. मग हलक्या आवाजात, "आन् आवाज त्योच हाय बरं का. अगदी त्योच."

हनुमंताचे डोळे भरून आले. त्यानं सोनं दिलं आणि पाया पडायला वाकला. वाकताना कालच्याच नव्या शर्टाच्या खिशातून काळी वायर सुळकन घसरली आणि रखमाजींच्या अंगठ्यापाशी पडली.

रखमाजींनी ती उचलली. उलटीपालटी करून बघितली. एवढी वर्षं मशीन चालवलेला माणूस तो, त्यांना सांगावं लागलं नाही.

"जावईबापू," ते म्हणाले, "हे सोनं काल द्यायचं हुतं."

"मामा, आना इकडं. आत्ता बसवून देतो." हनुमंतानं हात पुढं केला.

भामाबाईंनी त्या हातात चहाचा कप दिला.