चाळीस चेंडूंचा अभ्यास

माझी योजना निर्दोष होती. निर्दोष योजना आखूनही माणूस तोंडावर आपटू शकतो, हे मला तेव्हा कोणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तरी मी पुरावा मागितला असता!

आमच्या गावच्या टेबल टेनिस क्लबच्या दुसऱ्या संघात चार जण खेळतात. क्रमवारीत तिसरे माझे बाबा, एकहार्ड. चौथा हाइनो, वय एकाहत्तर, निवृत्त पोस्टमन. (क्लबात वय कितीही असो, सगळे एकमेकांना अरे-तुरेच करतात.) तिसरा आणि चौथा मिळून दुहेरी खेळतात, आणि मला एकदा तरी बाबांबरोबर दुहेरी खेळायची होती. येत्या उन्हाळ्यात त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलेलं. हा त्यांचा शेवटचा हंगाम.

बाबा संघाचे कप्तान. मी विषय काढताच म्हणाले, "वीब्के, हाइनोला हरव, जागा तुझी. मुलगी म्हणून सूट नाही."

"सूट मागितली कोणी?"

"आणि हरलीस तर राखीव. पाहुण्या संघासाठी बटाट्याचं सॅलड तू करायचंस."

हाइनोशी माझा सामना तीन आठवड्यांनी, शनिवारी.

आम्ही खेळतो त्या शाळेच्या व्यायामशाळेतल्या कपाटात क्लबचा सरावाचे चेंडू फेकणारा रोबो धूळ खात पडला होता. दिसायला असा, की जणू बादलीने व्हॅक्यूम क्लीनरशी लग्न केलंय! माहितीपुस्तिका हरवल्यामुळे त्याला कोणी हात लावत नव्हतं. मी भौतिकशास्त्राची पदवीधर; मला कसली पुस्तिका? त्यावर एक बटण होतं, 'कुठेही, कसाही'. ते दाबलं की चेंडू कधी डावीकडे, कधी उजवीकडे, कधी लांब, कधी जाळीजवळ. अगदी हाइनोसारखं!

रोज चाळीस चेंडूंच्या पाच फेऱ्या. किती परतवले, ते वहीत. दर फेरीआधी मी यंत्र बंद करून पुन्हा चालू करायचे. प्रयोगाची सुरुवात प्रत्येक वेळी सारखी हवी ना! पहिल्या दिवशी चाळीसपैकी सतरा. विसाव्या दिवशी एकोणचाळीस!

हाइनो रोज थर्मासमधली कॉफी घेऊन बाकावर बसून पाहायचा.

"हा थकत नाही?"

"नाही."

"कॉफी पीत नाही?"

"नाही, हाइनो."

"मग यालाच घ्या की चौथ्या जागेवर!"

माझा आलेख मी फ्रिजवर लावला. तो पाहून बाबा बेकरीत बोलले, "पोरगी यंत्रासारखी खेळते." बेकरीवाल्या बाईंनी पावाबरोबर ही बातमीही घरोघर पोचवली. एरवी आमच्या सामन्याला दोन माणसं आणि एक कुत्रा असतो. शनिवारी तेवीस माणसं होती! कुत्रा मात्र तोच.

पहिली सर्व्हिस माझी. हातात चेंडू घेतला आणि लक्षात आलं, तीन आठवड्यांत मी एकही सर्व्हिस केलेली नाही. सुरुवात नेहमी रोबोच करायचा! चेंडू जाळीत. दुसराही जाळीत.

मग हाइनोची सर्व्हिस. मी जोरात परतवली आणि टुणकन डाव्या कोपऱ्यात उडी मारली. चेंडू उजवीकडून शांतपणे निघून गेला.

"तिकडे काय आहे गं? कोणी ओळखीचं?" हाइनोने विचारलं.

पुढच्या वेळी उजवीकडे उडी. चेंडू डावीकडे. माझे पाय कोणाला विचारतच नव्हते! त्यात हाइनो प्रत्येक गुणानंतर चेंडू पुसायचा, बुटाची नाडी बांधायचा, कुत्र्याशी दोन शब्द बोलायचा. माझं यंत्र दीड सेकंदाला एक चेंडू टाकायचं. त्याला नाडी नव्हती!

अकरा-तीन. अकरा-चार. अकरा-दोन.

हाइनोने हात मिळवला. "वाईट वाटून घेऊ नकोस. एक विचारू? तुझ्या यंत्राचा तिसरा चेंडू नेहमी लांब उजवीकडे, चौथा जाळीजवळ, पाचवा डाव्या कोपऱ्यात. मग तू माझ्याविरुद्धही तेच का खेळत होतीस?"

"नेहमी?"

"चालू केल्यावर दर वेळी तेच. मी तीन आठवडे पाहतोय. मला वाटलं, तू शास्त्र शिकलीस, तुला माहीत असेल!"

मी दर फेरीला यंत्र बंद-चालू केलं होतं. शिस्तीत! त्यामुळे ते दर वेळी तेच पाढे पहिल्यापासून म्हणत होतं, आणि मी ते तोंडपाठ करून बसले होते.

लोक गेले. बाबा टेबलांची आवराआवर करता करता थांबले.

"रोबो लाव."

"कशाला?"

"दुहेरी खेळायची होती ना? ये."

एक चेंडू मी, एक बाबा. मी हळूच सांगत होते, "लांब उजवा... जवळचा... डावा..." बाबा गुडघा सांभाळत एकेक परतवत होते. वीस झाले. तीस झाले. बाबा लहान मुलासारखे हसत होते.

"तुला आधीच कसं कळतं गं?"

"अनुभव, बाबा!"

चाळीस! चाळीसच्या चाळीस! मी बॅट वर करून त्यांच्याकडे वळले.

एकेचाळिसावा चेंडू थेट कपाळावर बसला. तो कुठे येतो, हे मी कधी नोंदवलंच नव्हतं.