जर्बिलिणीला पान्हा फुटेना

"तोइग, तोइग... तुझंच गं हे, घे गं पोटाशी..." मेंढीला चुचकारणारा आजीचा तो आवाज सेवजिदच्या कानात अजून होता. कोकरू झिडकारणाऱ्या मेंढीपुढे आजी गुडघे टेकून गायची, आणि बघता बघता मेंढी परक्या पिल्लालाही चाटू लागायची. तोच गळा नातीकडे आला होता. "माझ्या गाण्यापुढे कुठल्या आईनं पाठ फिरवलीय, दाखवा!" असं सेवजिद अख्ख्या माळाला ऐकवायची.

पाठ फिरवली होती ती एका लेकीनं. चोइजिलची पहिली बायको वारली, मग सेवजिद त्याच्या तंबूत आली, त्याला वर्ष होत आलं. पण त्याची मुलगी उदवल सेवजिदशी अक्षर बोलत नव्हती. चुलीपलीकडून निरोप यायचा, "बाबा, त्यांना सांगा, चहा खारट झालाय." मिठाचा चहा खारट नाही तर काय गोड होणार? पण चोइजिल बिचारा हातभर अंतरावरून निरोप पोचवायचा!

त्या सकाळी शरदातल्या कुरणाकडे मुक्काम हलवायचा होता. जमिनीवरचा नमदा, लोकरीचं जाड अंथरूण, उचलून झटकला, तर खालच्या गवताच्या घरट्यातून जर्बिलांचं, म्हणजे माळावरच्या उंदरांचं, कुटुंब उधळलं आणि शेणीच्या ढिगामागच्या बिळात शिरलं. एक पिल्लू मागे राहिलं. झुबकेदार शेपटीचं, तळहाताएवढं, थरथरणारं.

"बाबा, त्यांना सांगा, हे घरी पोचल्याशिवाय मी गाडीत बसणार नाही."

"पोचवते की!" सेवजिदनं निरोपाची वाटच पाहिली नाही. अशी संधी पुन्हा कुठली!

कोकराला करतात तेच तिनं केलं. पिल्लू कोमट दुधानं पुसलं, मीठ चोळलं, बिळाच्या तोंडाशी ठेवलं, गुडघे टेकले आणि सूर लावला. पिल्लाची आई, थोरली जर्बिलीण, बाहेर आली. हुंगलं. मागचे पाय धडाधडा आपटले, आणि असा चावा घेतला की पिल्लू कोलांटत सेवजिदच्या मांडीत! सेवजिदनं आवाज चढवला. गाण्यानं मेंढ्या आल्या. मिठानं शेळ्या आल्या. एका म्हाताऱ्या मेंढीनं तर पिल्लाला चाटायलाच घेतलं.

"अगं, आवर!" गाडीपाशी दोर आवळता आवळता चोइजिल ओरडला. "अख्खा कळप पान्हावला, उंदरीण तेवढी राहिली!"

पिल्लाच्या कानामागे रक्ताचा थेंब होता. तो दिसला आणि सेवजिदनं गाणं थांबवलं.

उदवलनं पिल्लू अलगद उचललं. विस्कटलेल्या घरट्यातल्या गवतात घोळवलं, बिळाच्या मातीत लोळवलं आणि परत ठेवलं. जर्बिलीण आली. हुंगलं. पुन्हा हुंगलं. मग मानेला धरून आत ओढून नेलं, रांगत्या बाळाला घरात ओढावं तसं.

उदवल बिळाकडेच बघत होती.

"तुम्ही आलात ना, त्या दिवशी माझ्या उशाखालचा रुमाल धुतलात. आईचा होता. तिचा वास होता त्याला."

सेवजिद तिच्याजवळ सरकली.

"मला ठाऊक नव्हतं गं," एवढंच म्हणाली.

"मी सांगितलंच नव्हतं."

"काय म्हणतेय ती?" चोइजिलनं लांबून हाक दिली. "थांब, येतो, सांगतो तुला!"

"येऊ नका!" सेवजिद बाहीनं डोळे पुसत ओरडली. "माझ्याशी बोलतेय ती!"