अण्णांच्या नावावरची मूळव्याध

शाळेत पाणी प्यायचं नाही, असं मी जूनमध्ये ठरवलं. आमच्या शाळेत संडासाला जायचं तर चाळीस मुलींसमोर हात वर करून इंग्रजीत परवानगी मागावी लागते, आणि बाई हटकून "मोठ्यानं!" म्हणतात. (मी घरीसुद्धा मोठ्यानं बोलत नाही.) पाणीच प्यायलं नाही की जायला नको.

दसऱ्यापर्यंत ही युक्ती अंगाशी आली. सकाळी कुंथण्यात अर्धा तास जायचा, पुढे रक्तही दिसू लागलं. वर्गात मी एका बाजूला कलून बसायची. आपण मरणार, याची मला खात्री झाली. आईला सांगण्यापेक्षा तेच सोपं वाटलं.

आमच्याकडे पुण्याहून एक मासिक येतं. त्यात एक डॉक्टर वाचकांना सल्ला देतात. पण पंधरा वर्षांच्या मुलीनं असलं काही लिहायचं कसं? मी अण्णांच्या, म्हणजे वडिलांच्या नावानं लिहिलं: 'वय अठ्ठेचाळीस, कचेरीत बैठं काम, मूळव्याध झाली असावी.' उत्तरासाठी जोडकार्ड पाठवलं. त्याच्या उत्तराच्या भागावर आमचा पत्ता लिहिला: बंगळूर तेवढं इंग्रजीत आणि बाकी सगळा सुंदर बालबोध अक्षरात.

तिथंच चुकलं. चामराजपेटेतले आमचे पोस्टमन शिवाप्पा कन्नड वाचतात, इंग्रजी वाचतात, बालबोध नाही. ते कार्ड घेऊन मठात भीमाचार्यांकडे गेले. आचार्य काहीही वाचायचं तर मोठ्यानं, पुराण सांगायच्या आवाजात आणि अथपासून इतिपर्यंत वाचतात. मठात पुराणाला निम्मी पेठ जमली होती.

"श्रीयुत शेषगिरीराव यांस. मूळव्याधीस घाबरू नये. पाणी भरपूर प्यावे. पालेभाजी व ताक घ्यावे. वेग अडवू नये, कुंथू नये. दोन वेळा कोमट पाण्यात बसावे. रक्त थांबले नाही तर डॉक्टरांस दाखवावे."

संध्याकाळी शिवाप्पांनी वाटेतच दिलेलं कार्ड खिशात घालून अण्णा घरी आले, तेव्हा शेजारच्या अनुसूयाक्का मूळव्याधीवर उतारा म्हणून सुरणाचा गड्डा घेऊन बसल्या होत्या.

"मला काही झालेलं नाही!" अण्णा म्हणाले.

"सगळे असंच म्हणतात," अक्का म्हणाल्या. "आमचे हे सात वर्षं म्हणत होते."

"अहो, पत्रच मी लिहिलं नाही!"

"मग पुण्याच्या डॉक्टरांना काय स्वप्न पडलं?" आईनं विचारलं.

पुढचे आठ दिवस सकाळी सुरण, संध्याकाळी सुरण. आई पाणी तापवून अण्णांना घंगाळात बसवू लागली. कचेरीत साहेबांनी अण्णांच्या खुर्चीसाठी स्वतःची उशी पाठवली. अण्णांनी आधी नाकारलं, मग चिडले, मग थकून उशीवर बसू लागले. मी रोज ठरवायची, आज सांगू. आणि रोज सुरणाचा घास गिळायची.

शेवटी आईनं त्यांना डॉक्टरांकडे धाडलं. अर्ध्या वाटेतून परत येऊ नयेत म्हणून सोबत मला. अण्णांची तपासणी होणार, तीही माझ्यापायी! दवाखान्याची पाटी दिसली आणि मी थांबले.

"अण्णा, ते पत्र मी लिहिलं. दुखणं माझं आहे."

"पत्त्याचं अक्षर पहिल्याच दिवशी ओळखलं मी," अण्णा म्हणाले.

"मग बोलला का नाहीत?"

"तू बोलशील म्हणून थांबलो. तोवर सुरण खाल्लं."

दवाखाना डॉक्टर नवरा-बायको दोघांचा. बाई मला पडद्याआड घेऊन गेल्या. बाहेर येऊन म्हणाल्या, "हिला मूळव्याध नाही. शौच कडक होऊन बारीक चीर पडलीय. भरपूर पाणी पी, भाजी खा, अडवून धरू नकोस. काही आठवड्यांत बरी होशील. नाही वाटलं तर परत ये."

एवढे दिवस मी मरत होते, ते एका बारीक चिरेनं!

"आता आलाच आहात तर तुमचंही पाहू," त्यांचे यजमान अण्णांना म्हणाले. पलीकडच्या पडद्याआडून थोड्या वेळानं त्यांचाच आवाज आला, "आहे की हो! दुसऱ्या पायरीवर आहे. बरं झालं वेळेवर आलात."

अण्णा बाहेर आले ते माझ्याकडे असे पाहत, जणू मी पत्रातून मूळव्याध त्यांना लावून दिली.

घरी आईनं अण्णांचं निदान ऐकलं. (माझ्याबद्दल अण्णा एक अक्षर बोलले नाहीत. मी फक्त सोबत गेले होते.) "मी म्हणत नव्हते?" असं ती तीन वेळा म्हणाली. मग सुरण चिरता चिरता माझ्याकडे वळली.

"बघ वसू, यांनी या वयात न लाजता पत्र लिहिलं, डॉक्टरांना दाखवूनही आले. शीक जरा काही त्यांच्याकडून!"