सी व्ह्यूचे पडदे

मोसी हेहिरला एकच घमेंड होती. "माझ्या घरातून पाहुणा तोंड पाडून गेला, असं आजवर झालेलं नाही!" हे तो पबमध्ये सांगे, चर्चच्या पायरीवर सांगे आणि ऐकायला कोणीच नसेल तर शेजारच्या फिन्टन ग्रिफीच्या गाईंना सांगे. गाई बिचाऱ्या काही बोलत नसत.

मोसीच्या गेस्ट हाऊसचं नाव 'सी व्ह्यू'. समुद्र तिथून दिसतो, नाही असं नाही. फक्त त्यासाठी फिन्टनच्या गोठ्याच्या छपरावर चढावं लागतं! आमच्या लिसगोरी गावात पाहुणे येतात ते उन्हाळ्यात. ऑक्टोबरात येतो तो फक्त पाऊस, आणि तो पैसे न देता मुक्काम ठोकतो. त्यामुळे ऑक्टोबर संपता संपता हॉलंडचं एक जोडपं राहायला आलं, तेव्हा मोसीला आकाश ठेंगणं झालं. नवरा वीबे, बायको त्रूस. दोघंही इतकी उंच की जिन्यावरची तुळई वीबेच्या कपाळाला रोज सकाळी न चुकता भेटायची.

नेमकं त्याच आठवड्यात कन्सेप्टाला, म्हणजे मोसीच्या बायकोला, गॉलवेच्या हॉस्पिटलातून बोलावणं आलं. उन्हाळ्यापासून तिला जिना चढला की धाप लागायची, छातीत काहीतरी फडफडायचं. डॉक्टर म्हणाले होते, ठेवून घेतो, हृदय नीट तपासतो.

"तू येशील ना रे सोबत?" निघायच्या सकाळी तिने विचारलं.

मोसी तव्यावर अंडी फोडत होता. "आज? अगं, आज त्यांना गुहा दाखवायची आहे!"

"गुहा कुठे पळून चालली आहे?"

"गुहा नाही, पाहुणे पळतील ना! ऐन ऑक्टोबरात आलेत, कन्सेप्टा. ऑक्टोबरात!"

कन्सेप्टाने बॅग उचलली. दारात थांबून ती काहीतरी बोलेल असं त्याला वाटलं. "अंडी करपतायत," एवढंच ती म्हणाली आणि पावसात एकटीच बसथांब्याकडे चालू लागली. अंडी खरोखरच करपली होती. मोसीला जरा वाईट वाटलं, पण तेवढ्यात वीबे आणि तुळई यांची भेट झाल्याचा आवाज आला आणि तो बर्फ आणायला धावला.

गुहेत काय झालं, ते लांबण लावून सांगत नाही. वाटाड्या म्हणाला, "इथे डोकं सांभाळा!" आणि वर काय आहे ते बघायला त्रूसने मान वर केली. असं टेंगूळ आलं की मोसीला ते गाडीच्या आरशातून घरापर्यंत दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्रूस पांढरीफटक पडलेली. "उजेड नको. आवाज नको," ती पुटपुटली. "फक्त झोपू द्या."

"बाई, तुम्ही निश्चिंत झोपा!" मोसी छातीवर हात ठेवून म्हणाला. "या घरात आज माशीसुद्धा चवड्यांवर चालेल!"

आणि तो कामाला लागला. रस्त्याकडच्या सगळ्या खिडक्यांचे पडदे त्याने ओढून घेतले. वरचे, खालचे, बैठकीचे, स्वयंपाकघराचेसुद्धा. मग दिवाणखान्यातलं जुनं घड्याळ. ते ठोके द्यायचं म्हणजे शेजारच्या गावात कळायचं. मोसीने लंबक धरला आणि थांबवला. राहिला फोन. त्याची वायर भिंतीतून उपसताना मात्र त्याचा हात क्षणभर अडला. कन्सेप्टाचा फोन आला तर? मोबाइल खिशात होता, पण लिसगोरीत मोबाइलला रेंज येते ती चर्चच्या मनोऱ्यावर. 'संध्याकाळी लावू की परत,' असं म्हणून त्याने वायर उपसली आणि वीबेला गाडीत घालून समुद्राचे कडे दाखवायला निघाला.

आता तुम्ही म्हणाल, यात बिघडलं काय? तुमच्याकडे काही बिघडत नसेल. आमच्याकडे भरदिवसा रस्त्याकडचे पडदे ओढलेले आणि घरातलं घड्याळ थांबलेलं, याचा अर्थ एकच. घरातलं माणूस गेलं! हे मोसीला माहीत नव्हतं असं नाही. आईच्या वेळी तेच घड्याळ त्यानेच थांबवलं होतं. पण डोक्यात एकदा पाहुणे शिरले की मोसीच्या डोक्यात दुसरं काही मावत नाही.

कड्यांवर धुकं असं होतं की मोसीला स्वतःचे बूट दिसेनात.

"समुद्र कुठे आहे?" वीबेने विचारलं.

"खाली!"

"आणि कडा?"

"पुढे जाऊ नका! कडा तिथेच आहे!"

वीबेने धुक्याचा फोटो काढला. मग दुसऱ्या बाजूने धुक्याचा आणखी एक काढला. मोसीचा जीव तीळतीळ तुटत होता. मग पडका मठ झाला, त्याचं कुंपणच तेवढं सापडलं. जेवायच्या जागी 'हंगाम संपला' अशी पाटी. शेवटी वीबेचे दात वाजायला लागले, तेव्हा मोसीने गाडी घराकडे पिटाळली.

इकडे गावात काय झालं ते मागाहून कळलं. समोरच्या डेलिया टॅल्टीने पडदे पाहिले. आधी फोन केला. वाजतोय, कोणी उचलत नाही. मग ती मागच्या दाराने आत डोकावली. काळोख. सामसूम. घड्याळ बंद! कन्सेप्टा हॉस्पिटलात आहे हे गावाला ठाऊक होतंच. डेलिया छातीवर क्रूसाची खूण करत मागच्या पावली बाहेर आली आणि दुपारच्या आत ही बातमी ज्याला माहीत नाही असं लिसगोरीत फक्त एक माणूस उरलं. ते कड्यावर उभं होतं.

मोसी वळणावर आला आणि बघतो तो काय, घरासमोर रस्त्याच्या दोन्ही अंगांना गाड्याच गाड्या! त्याला आधी काय वाटलं, खोटं कशाला सांगू? त्याला वाटलं, पाहुणे! एवढे पाहुणे!

मग त्याला अंगणात फिन्टन दिसला. फिन्टनच्या गळ्यात काळा टाय होता. फिन्टन टाय बांधतो तो फक्त मयताला. त्याने पुढे होऊन मोसीचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"फार वाईट झालं, मोसी."

मोसीला हॉस्पिटल आठवलं. "कधी?" कसंबसं तो म्हणाला.

"आम्हाला दुपारी कळलं."

"सांगितलं कुणी?"

"डेलियाने. तुझा फोन कोणी उचलत नव्हतं ना."

फोन! मोसीला ती वायर दिसली, जमिनीवर पडलेली. म्हणजे हॉस्पिटलवाल्यांनी इथे फोन केला असणार. पुन्हा पुन्हा केला असणार. शेवटी समोरच्या डेलियाला सांगितलं असणार. आणि आपण कुठे होतो? धुकं दाखवत होतो! दोघांनी त्याला धरून आत नेलं आणि शेकोटीजवळच्या खुर्चीत बसवलं.

मग रांग लागली. एकेक जण यायचा, हात हातात घ्यायचा, "वाईट झालं, मोसी" म्हणायचा आणि चहाकडे सरकायचा. आत बायकांनी हॅमच्या सँडविचचे डोंगर रचले होते. मोसी प्रत्येकाला "आभारी आहे" म्हणत होता आणि त्याला फक्त एकच गोष्ट ऐकू येत होती. अंडी करपतायत.

"कबर सकाळी खणू," फिन्टन हळूच म्हणाला. "आत्ता खणली तर पाणी भरेल. तिला आणणार कधी?"

"मला काही माहीत नाही, फिन्टन. मला काहीच माहीत नाही. ती म्हणाली, येशील ना सोबत. आणि मी..." तो सगळ्यांदेखत रडू लागला, नाक गळेपर्यंत. चर्चच्या फादर मॅलननी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"तिने क्षमा केली असेल, मोसी."

"तुम्ही ओळखत नाही तिला, फादर!"

एवढ्या गडबडीने त्रूस उठली. डोळे लाल, केस विस्कटलेले, कपाळावर टेंगूळ, अशी ती जिन्यावरून खाली उतरली. डेलियाला वाटलं, कन्सेप्टाची कोणी परदेशातली नातलग. तिने त्रूसला कवटाळलं. "रड गं बाई, मोकळी हो!" त्रूसला आयुष्यात कोणी असं कवटाळलं नव्हतं. डोकं दुखत होतंच, तिला खरंच रडू आलं. मग तिच्यापुढेही रांग लागली. वीबेच्या एका हातात सँडविच आणि दुसऱ्यात व्हिस्की. त्याने बायकोच्या कानात विचारलं, "हे सगळं खोलीच्या भाड्यात धरलंय का?"

फादरांनी रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, सुरू केली. सगळे गुडघ्यांवर. पहिला जप संपला, दुसरा लागला, आणि मागचं दार उघडलं.

दारात कन्सेप्टा उभी होती. नखशिखान्त भिजलेली, हातात बॅग, केसांतून पाणी निथळतंय.

डेलिया किंचाळली. कोणाच्या तरी हातून किटली पडली. फिन्टन गुडघ्यांवर होता तो तसाच मागे सरकत कपाटाखाली जाऊ पाहत होता.

कन्सेप्टाने काळे टाय पाहिले, पडदे पाहिले, घड्याळ पाहिलं. तिचा चेहरा उतरला. "मोसी कुठे आहे?" ती घाबऱ्या आवाजात म्हणाली. "अरे बोला कोणीतरी! मोसी गेला का?"

गर्दीतून वाट काढत मोसी आला. लग्नाला छत्तीस वर्षं झाली, पण चारचौघांत बायकोचा हात त्याने कधी धरला नव्हता. आता त्याने तिला बॅगेसकट मिठी मारली आणि सोडेचना. "तू जिवंत आहेस! कन्सेप्टा, तू जिवंत आहेस!"

"होते आत्तापर्यंत," ती म्हणाली. "गुदमरतेय, सोड!"

मग हळूहळू उलगडा झाला. डेलियाने फिन्टनकडे बघितलं, फिन्टनने फादरांकडे, आणि फादर माळेतले मणी मोजू लागले. "मग पडदे का रे ओढले होतेस?" डेलियाने विचारलं.

"माझं डोकं दुखत होतं," कोपऱ्यातून त्रूस म्हणाली.

कोणी घरी मात्र गेलं नाही. सँडविच कापून झाली होती. कन्सेप्टाला शेकोटीजवळ खुर्चीत बसवलं, खांद्यावर टॉवेल टाकला. काय बोलावं ते कोणालाच सुचेना, तेव्हा एकेक जण सवयीने पुढे आला आणि तिचा हात हातात घेऊन "वाईट झालं, कन्सेप्टा" म्हणून गेला.

"सकाळीच सोडलं मला. हॉस्पिटलातून कितीदा फोन केला, थांब्यावर घ्यायला ये म्हणून," ती म्हणाली. "वाजतोय, वाजतोय. थांब्यावर बराच वेळ वाट पाहिली, शेवटी चालत आले. एवढ्या गाड्या गेल्या अंगावर पाणी उडवत! कोणीही थांबलं नाही. फिन्टन, तुझी होती ना रे त्यात?"

फिन्टन टायशी चाळा करू लागला. "घाईत होतो गं. तुझ्याच..." आणि त्याने तोंडात सँडविच कोंबलं.

मोसी तिच्यापुढे उकिडवा बसला. "डॉक्टर काय म्हणाले?"

कन्सेप्टाने टॉवेलने केस पुसले. "विचारलंस एकदाचं. रोज एक गोळी आहे. आणि मनाला धक्का बसेल असं काही नको, म्हणाले."

सगळ्यांच्या माना खाली गेल्या.

"मी आता कुठेही एकटीला सोडणार नाही तुला," मोसी म्हणाला. "शपथ घेतो. पाहुणे गेले चुलीत!"

"असं बोलू नकोस. सगळ्यात पहिली गाडी तुझीच होती, मोसी."

"माझी?"

"मी बसमधून उतरले तेव्हाच थांब्यासमोरून मठाकडे गेलास. मी हातसुद्धा केला. शेजारी हे बसले होते." तिने वीबेकडे बोट दाखवलं. "तू खिडकीतून त्यांना काहीतरी दाखवत होतास."

"पलीकडची पवित्र विहीर," मोसी पुटपुटला. "धुकं होतं गं. देवाशप्पथ, तू दिसली नाहीस!"

आता वीबे गप्प बसला असता तर चाललं असतं. पण माणूस सरळ. त्याला वाटलं, यजमानाची बाजू आपण सावरली पाहिजे. "विहीर मलाही दिसली नाही," तो म्हणाला. "पण बाई दिसली होती. मी म्हटलंही यांना, कोणीतरी भिजतंय, घेऊ या का? तर हे न बघताच म्हणाले, छे, ती गावातलीच कोणीतरी, ती नेहमीचीच असते."

डेलियाने सँडविचची बशी खाली ठेवली.

"बरोबर आहे," कन्सेप्टा म्हणाली. "नेहमीचीच."

आणि तिने रिकामा कप मोसीपुढे धरला. मोसीने किटली उचलली, पण नजर तिच्यावरच ठेवून ओतल्यामुळे निम्मा चहा बशीतच गेला.